जुनी डिझेल पिकअप मिसिंग मारतेय? पंप खोलायच्या आधी हे सगळं बघून घ्या

सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी नुसती थरथरते, आरशात मागचं काही धड दिसत नाही, दोन-तीन मिनिटांनी जरा शांत होते, मग चढ आला की ओढत नाही (गाडीचं नाव पण पिकअप आणि गेलाय तो पण पिकअपच), आणि मेकॅनिककडे नेली की तो बोनेट उघडून दहा सेकंद कान लावतो आणि सांगतो, पंप (इंजेक्टरला प्रेशरने डिझेल देणारा) गेलाय. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. पंप उतरला, बेंचवर गेला, सील किट पडलं, परत बसला आणि गाडी होती तशीच. शेवटी सापडलं काय, तर इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा, बोटभर रबरी पाइप. वरून धडधाकट, पण वाकवून बघितला तर सुती विणीखाली बारीक बारीक चिरा. रात्रभर तिथून हवा आत जायची, डिझेल टाकीकडे उतरायचं, आणि सकाळी पंप बिचारा फेस ढकलत बसायचा. तो तुकडा बदलायला मला पाच मिनिटं पण नाही लागली.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे, पंप सगळ्यात शेवटी. डिझेल इंजिनला प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) म्हटलं की शोधायच्या जागा तशा मोजक्याच असतात. हवा आत पुरेशी येतेय का, ती दाबली जाऊन गरम होतेय का, आणि त्यात डिझेल योग्य वेळी बारीक फवारा होऊन पडतंय का. खाली जो क्रम दिलाय तो सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा, चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तरी नक्की कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं मुख्यतः जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे, मग तो इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या, सगळे एका ओळीत) असो की रोटरी (एकाच जागेहून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा). कॉमन रेलवाल्यांनी (जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल मिळतं आणि फवारा संगणक ठरवतो) शेवटचा भाग आधी वाचा, कारण इथली एक-दोन कामं तुमच्या गाडीवर करायचीच नाहीत.

आधी जीव सांभाळा

मेकॅनिकल इंजेक्टर साधारण १२० ते २५० बारला उघडतो, कॉमन रेलमध्ये तर प्रेशर १,००० बारच्या वर जातं. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून सरळ आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि हाय प्रेशर डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा, कारण यात तासांना महत्त्व असतं. प्रेशर लाइनचं लीकेज हात फिरवून कधीच शोधायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

दुसरं म्हणजे स्टार्टिंग स्प्रे. हिटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारा) असलेल्या इंजिनात तो मारू नका. तापलेल्या प्लगवर स्प्रेतलं ईथर गेलं की नको त्या वेळी भडका उडतो, पिस्टन आणि रिंगा तुटायची वेळ येते.

आणि तिसरं, इंजिन कधी आपोआप पळत सुटलं, चावी बंद केली तरी आरपीएम वाढतच चाललेत, तर घाबरून बोनेटवर वाकायचं नाही. गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन पाडा. हवेचं तोंड बंद करूनही इंजिन थांबतं पण त्यासाठी जाड फळी हवी, हाताचा पंजा नाही, हात आत ओढला जातो.

गाडी काय सांगतेय ते लिहून काढा

हे काम लोक टाळतात आणि नंतर भोगतात. कागद घ्या आणि लिहा: मिसिंग थंड असताना की गरम झाल्यावर, नुसत्या आयडलिंगला की लोडवर, धूर कुठल्या रंगाचा, आवाज कसा, आणि हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय केलं होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात भारी आहे. फिल्टर बदलल्यापासून सुरू झालं असेल तर फिल्टरच्या आसपासच बघा, बेल्ट बदलल्यापासून असेल तर टायमिंग, नवीन ठिकाणी डिझेल भरल्यापासून असेल तर डिझेल.

मग ताल ऐका. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला साधारण साडेसहा वेळा. एकच सिलिंडर मेला असेल तर झटका अगदी ठेक्यात येतो, सायलेन्सरच्या तोंडासमोर हात धरला (जरा लांब, भाजतं) तर फुक-फुक-फुक-गॅप असं सरळ जाणवतं. झटके कधीही, कसेही येत असतील तर हवा नाहीतर डिझेलचा पुरवठा. आरपीएम स्वतःहून वर-खाली डोलत असतील, ज्याला हंटिंग म्हणतात, तर आधी हवा, मग आयडलिंगची सेटिंग, आणि त्यानंतर गव्हर्नर (पंपातला आरपीएम सांभाळणारा भाग).

धुराचं म्हणाल तर पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तो सिलिंडर गरमच होत नाहीये किंवा टायमिंग मागे आहे. पांढराच, पण झोंबत नाही आणि हवेत लगेच विरतो, वास गोडसर, शिवाय कूलंट कमी होतंय, तर ती वाफ आहे, हेड गॅस्केटकडे बघा. काळा म्हणजे हवेपेक्षा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय.

डिझेल बघा, खरंच डोळ्यांनी बघा

फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या स्वच्छ बरणीत थोडं डिझेल घ्या आणि अर्धा तास ठेवून द्या. पाणी असेल तर तळाला वेगळं बसतं, सीमारेषा स्पष्ट दिसते. काळसर बुळबुळीत चिखल दिसला तर टाकीत पाण्याच्या थरावर जिवाणू-बुरशी वाढलीय, मग नुसता फिल्टर बदलून चालणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल, नाहीतर नवा फिल्टर पण लगेच भरतो.

फिल्टर कधी बदललाय ते आठवत नसेल तर बदलायची वेळ झालीय. नवीन फिल्टर बसवताना जुना रबरी वायसर फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहिला नाही ना ते बघा, दोन वायसर एकावर एक बसले की तिथूनच हवा ओढते, आणि हे होतं, भल्याभल्यांकडून होतं.

गाडी पंधरा-वीस मिनिटं छान चालते मग दम तोडते, थोडा वेळ उभी केली की परत ठीक, असं असेल तर टाकीचं झाकण उघडा. उघडताना सुस्सकन हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि टाकीत व्हॅक्यूम तयार होतोय. तसं नसेल तर टाकीतल्या सक्शन पाइपची जाळी कचऱ्याने भरलीय, गाडी बंद केली की कचरा खाली बसतो म्हणून थोड्या वेळाने परत चालते.

आता एक टेस्ट, माझ्या मते सगळ्यात कामाची. एका स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, कॅन इंजिनजवळ पण पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब, हलणार नाही असा पक्का बांधा, आणि फीडची (डिझेल आणणारी) व रिटर्नची अशा दोन्ही लाइन इंजिनजवळ सोडवून त्या जागी छोट्या नळ्या लावा आणि त्यांची टोकं कॅनमध्ये टाका. एअर काढा, गाडी सुरू करा. मिसिंग गेलं तर दोष टाकीत किंवा टाकी ते इंजिन या मधल्या लाइनमध्ये आहे, पंप-इंजेक्टर सगळे निर्दोष. नाही गेलं तर ती लांबलचक लाइन तुमच्या यादीतून बाद. अर्ध्या तासात अर्धी गाडी यादीतून बाहेर. उभ्या गाडीवरच करा हं, असा कॅन घेऊन रस्त्यावर जायचं नाही.

हवा: दिसत नाही आणि गळतही नाही

डिझेलची लाइन कुठंच ओली नाहीये मग हवा कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथंच सगळे फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन ओढीखाली असते, आणि ज्या गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो, रोटरी पंप स्वतःच डिझेल ओढतो, तिथं फिल्टरसकट सगळी लाइन ओढीखाली असते. अशा लाइनला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे कोरडी लाइन म्हणजे चांगली लाइन असं काही नसतं.

बघायचं कसं? पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक नळी टाका, तशीच एक रिटर्नला. गाडी सुरू करून पाच मिनिटं नुसतं बघत बसा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येईल तो सोडून द्या. पण सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे सतत धावत असतील किंवा मोठा बुडबुडा येऊन नळीत वर अडकून बसत असेल तर चोर सापडला. मग मागे मागे जात राहायचं, नळी फिल्टरच्या आधी लावा, मग फीड पंपाच्या आधी, जिथं बुडबुडे येणं थांबलं त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष.

हवा घेणाऱ्या नेहमीच्या जागा सांगतो. हँड प्रायमरचा (हाताने डिझेल ओढायच्या छोट्या पंपाचा) रबरी डायफ्रॅम, दाबून बघा, वरून ओलसर झाला किंवा दाबल्यावर कडक होतच नाही तर गेला. फिल्टरचा ड्रेन स्क्रू आणि त्याचा ओ-रिंग. बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वायसर, हे एकदाच वापरायचे असतात पण सगळे परत तेच घालतात. क्लॅम्पखाली कडक झालेला रबरी पाइप, असा पाइप क्लॅम्प आवळून सुधारत नाही, टोक कापून पुढचा ताजा भाग बसवा किंवा सरळ बदला. चेसीला घासून गंजलेली लोखंडी नळी, विशेषतः जिथं क्लिपखाली माती साठते तिथं. आणि इंजेक्टरचे ते रिटर्नचे छोटे पाइप, ज्यांनी मला फसवलं. सगळे एकदमच बदला, एक गेला म्हणजे त्याचे भाऊ पण त्याच वयाचे आहेत. शेवटच्या इंजेक्टरच्या मोकळ्या तोंडाला एक रबरी टोपी असते, ती पण विसरू नका.

आता एअर काढायची पद्धत. फिल्टरच्या वरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा, खाली फडकं धरा, आणि प्रायमर हाताने मारत राहा. आधी फेस येईल, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा, हात थांबवून आवळला की परत हवा ओढली जाते. इनलाइन पंप असेल तर पंपाच्या अंगावरचा स्क्रू ढिला करून तेच परत. त्यानंतर इंजेक्टरवरच्या दोन नट अर्धा-एक आटा ढिल्या करा आणि स्टार्टर मारा, दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही, मग मिनिटभर थांबा, स्टार्टर पण तापतो. नटातून डिझेलचे ठोके यायला लागले की आवळा, उरलेल्या दोन करा, गाडी उचलेल. थोडी लंगडत उचलेल आणि अर्ध्या मिनिटात सरळ होईल.

रोटरी पंपात एक गंमत आहे. बॉशच्या व्हीई पंपात आणि त्या धर्तीच्या बऱ्याच पंपांत रिटर्नच्या बँजो बोल्टमध्ये आत अगदी बारीक भोक असतं, त्यानेच पंपाच्या पोटात प्रेशर टिकतं. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत आउट असं कोरलेलं असतं. इनलेटचा बोल्ट दिसायला सारखाच. कुणी पाइप बदलताना हे दोन उलटसुलट लावले की गाडी मिसिंग मारते, ओढत नाही, आणि मग पंप गेला म्हणून पंप उतरतो. दोन बोल्टांची अदलाबदल, बाकी काही नाही.

नक्की कुठला सिलिंडर?

मिसिंग ठेक्यात असेल तर हे करा. मेकॅनिकल पंपच असायला हवा हं. गाडी आयडलिंगला ठेवा, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, इंजेक्टरच्या नटाभोवती फडकं गुंडाळा आणि पान्याने नट अर्धा आटा ढिली करा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की इंजिनचा आवाज पडायला हवा, गाडी जास्त थरथरायला हवी. तसं झालं तर तो सिलिंडर काम करतोय, नट आवळा आणि पुढच्यावर जा. ज्याची नट सोडल्यावर काहीच फरक पडत नाही तो मेलेला. आणि ज्याची नट सोडल्यावर खटखट आवाजच बंद होतो तो इंजेक्टर डिझेल फवारत नाहीये, ठिबकवतोय. हा तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, ते फक्त आरपीएमकडे बघत असतात.

नट सोडायची भीती वाटत असेल तर जुन्या मिस्त्री लोकांची रीत वापरा. थंड गाडी सुरू करायची, मिनिटभर चालू द्यायची, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकायचे. तीन नळ्यांवर थेंब चर्रकन नाचून उडून जातात आणि चौथीवर आरामात ओघळतात, मग काय विचारायचं राहिलं? मात्र थेंबच टाका, तापलेल्या कास्टिंगवर तांब्याभर पाणी ओतलंत तर तडा जाईल. हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतात, काम तेच.

इंजेक्टर

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी बदला. मिसिंग शेजारी गेलं तर इंजेक्टर खराब. तिथंच राहिलं तर कॉम्प्रेशन किंवा पंपाची त्या लाइनची डिलिव्हरी. आधी आजूबाजूची घाण ब्रशने काढा, काढल्यावर भोकात कापड कोंबा, पाइपांच्या तोंडांना टोप्या लावा. या कामात वाळूचा एक कण म्हणजे एक नोझल (इंजेक्टरचं फवारणारं टोक) गेली.

काढताना इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा चिकट थर दिसला तर खालचा कॉपर वायसर गॅस सोडतोय. चालू गाडीत तिथून चुफ-चुफ आवाज येतो, ऐकला की विसरत नाही. नवीन वायसर घाला, पण त्याआधी जुना आत राहिला नाही ना ते टॉर्च मारून बघा, आणि बसायची जागा लाकडी काडीला कापड गुंडाळून स्वच्छ करा. किती टॉर्कने आवळायचं ते गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने आवळलेला इंजेक्टर तिरका बसतो किंवा पिळवटतो.

नोझल टेस्टिंग पंप-इंजेक्टरवाल्याकडेच करा आणि शक्य असेल तर समोर उभं राहून बघा. चांगली नोझल ठरलेल्या प्रेशरला कर्रर्र आवाज करत धुक्यासारखं डिझेल सोडते आणि थांबली की टोक कोरडं राहतं. खराब नोझल पिचकारी मारते, किंवा थांबल्यावर टोकाला थेंब लोंबकळतो. एकच बदलून चालतं का असं विचाराल तर चालतं, पण सगळ्यांचं ओपनिंग प्रेशर एकसारखं लावून घ्या, नाहीतर मिसिंग जाईल आणि थरथर राहील.

सकाळीच त्रास असेल तर हिटर प्लग

ज्या इंजिनात डिझेल आधी छोट्या प्री-चेंबरमध्ये पडतं त्या जुन्या इंजिनांना हिटर प्लगशिवाय थंडीत जमतच नाही. चारातला एक मेला की गाडी तीन सिलिंडरवर उठते, झोंबणारा पांढरा धूर सोडते, मिनिटभर लंगडते आणि मग एकदम सरळ. हे लक्षण अगदी पुस्तकी आहे.

सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी आधी काढा, नाहीतर चार प्लग समांतर जोडलेले राहतात आणि मेलेला त्यात लपतो. मग टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि टोक प्लगच्या टर्मिनलला. दिवा लागला तर प्लग सलग आहे, नाही लागला तर तुटलाय. मीटर असेल तर साधारण एक ओहमच्या आसपास किंवा कमी दिसेल, अनंत दिसलं तर संपला. चारही चांगले असूनही तापत नसतील तर रिले आणि पट्टीपर्यंत १२ व्होल्ट येतात का ते बघा. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका, टोक फुगलेलं असेल तर आतच तुटून राहतं आणि मग हेड उतरवायची वेळ. टोक वितळल्यासारखं दिसलं तर प्लगला दोष देऊ नका, त्या सिलिंडरची नोझल तपासा.

प्लग ठीक, तरी फक्त सकाळी मिसिंग, तर रात्रीत डिझेल उतरतंय (वरचा भाग परत वाचा), स्टार्टर हळू फिरतोय, कॉम्प्रेशन कमी आहे, किंवा रोटरी पंपावरचं थंडीसाठी टायमिंग पुढे नेणारं उपकरण काम करत नाहीये.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) अ‍ॅडजस्ट होणारे असतील तर फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघा, गॅप किती आणि थंड की गरम इंजिनवर ते मॅन्युअलप्रमाणे. टकटक आवाज करणारा ढिला टॅपेट त्यातल्या त्यात बरा, निदान ओरडून सांगतो. टाइट टॅपेट गप्प असतो, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, आणि तुम्ही इंजेक्टर बदलत राहता.

कॉम्प्रेशनला डिझेलचाच गेज लागतो, पेट्रोलच्या गेजचा काटा पुरत नाही, कारण इथं निरोगी इंजिनात साधारण २५ ते ३५ बार येतात. पंपाच्या शट-ऑफची (डिझेल तोडणाऱ्या भागाची) वायर काढा, सगळे प्लग किंवा सगळे इंजेक्टर काढा, बॅटरी फुल असू द्या. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, ३-४ बारच्या वर फरक असेल तर शंका घ्या. शेजारचे दोन सारखेच कमी असतील तर मधलं गॅस्केट. एकच कमी असेल तर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून गाडी नीट अडवून कॉम्प्रेसरची हवा भरा आणि ऐका. एअर फिल्टरकडून सुसाट आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर गॅस्केट किंवा हेड. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये ऑइल ओतून बघतात तसं इथं करू नका, डिझेल इंजिनात पिस्टनवरची जागा इतकी कमी असते की जास्तीचं ऑइल पिस्टनला अडवून कनेक्टिंग रॉड वाकवू शकतं.

इंजिनाचा दोष नसतोच कधी कधी

आवाज एकसारखा, धूर नाही, फक्त आयडलिंगला सीट हलते आणि १,२०० आरपीएमला सगळं शांत, तर इंजिन माउंटिंग बघा. रबर फाटलेलं, तेल पिऊन फुगलेलं, किंवा इंजिन एका बाजूला बसलेलं दिसेल. ईजीआर व्हॉल्व्ह असेल आणि काजळीने उघडाच अडकला असेल तर आयडलिंगला जळका गॅस आत येत राहतो, गाडी घोगरी चालते आणि काळा धूर. एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, हे तर दोन मिनिटांत कळतं, ते बघून घ्या.

आता पंप

इथपर्यंत सगळं बघून झालं असेल तरच. टायमिंग मागे असेल तर पांढरा धूर आणि गाडी मेंगळट, पुढे असेल तर कडक ठोके. बेल्ट किंवा गिअरच्या खुणा जुळतात का ते आधी, मग पंपाचं टायमिंग. रोटरी पंपात ते डायल गेजने प्लंजर किती उचलला यावर मोजतात, आकडा एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि त्याचा शंभरावा भाग धरून बघावा लागतो, म्हणजे कानाने पंप फिरवून लावणं किती पोकळ आहे ते समजून घ्या. फिरवायच्या आधी पंप आणि ब्रॅकेटवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा, परतीची वाट तेवढीच.

फार जुन्या इनलाइन पंपाला हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असेल आणि गाडी हंटिंग करत असेल तर इंजिन बंद ठेवून स्टॉपचा लिव्हर ओढा, व्हॅक्यूमच्या पाइपचं तोंड बोटाने बंद करा आणि लिव्हर सोडा. थोडा सरकून जागीच थांबायला हवा. हळूहळू परत गेला तर आतला डायफ्रॅम फाटलाय, आणि तो बदलायला पंप उतरवावा लागत नाही. बाकी पंपाच्या पोटातलं काम बेंचवरच, सील गळती असो की एका लाइनची डिलिव्हरी कमी असो. घरी टेबलावर उघडलेला पंप सहसा पिशवीतून जातो पंपवाल्याकडे.

कॉमन रेल असेल तर

चालू गाडीत नट सोडायची नाही. कधीच नाही. स्कॅनर लावा आणि आयडलिंगला प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (संगणक किती डिझेल कमी-जास्त करतोय तो आकडा) किती आहे ते बघा, एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा असेल तर तिथून सुरुवात. मग रिटर्नची टेस्ट: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि गाडी काही मिनिटं आयडलिंगला ठेवा. ज्या बाटलीत सगळ्यात जास्त डिझेल साठलं तो इंजेक्टर आतून झिजलाय. आरपीएम डोलत असतील तर हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह आणि त्याचा कनेक्टर, शिवाय क्रँक सेन्सर आणि इंजिनवरून जाणारी वायरिंग कुठं घासतेय का ते. फिल्टर, हवा, टाकी हे सगळं मात्र इथंही तसंच लागू, उलट जास्तच, कारण या सिस्टिमला पाणी अजिबात सोसत नाही.

दुरुस्ती झाली की लगेच पारदर्शक नळी काढू नका. गाडी रात्रभर उभी ठेवा, जमलं तर नाक थोडं चढाकडे करून, म्हणजे डिझेलला टाकीकडे उतरायचं असेल तर पुरेपूर संधी मिळेल. सकाळी चावी लावायच्या आधी बोनेट उघडा. नळी काठोकाठ भरलेली असेल तर मग स्टार्ट करा आणि पहिली दोन मिनिटं ऐका. त्यानंतर ती नळी काढून डिझेलचा नेहमीचा रबरी पाइप टाका, कारण ती पारदर्शक नळी डिझेलने आणि उष्णतेने कडक होते आणि काही महिन्यांनी तीच हवा ओढायला लागते.